चौदा पोपटांचा वैरी

भीमसेन राव तमिळ मुलखातल्या आवडी गावी एका शाळेत प्रयोगशाळेचे मदतनीस होते. रणगाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची मुले तिथे शिकत. बेडकाची आतडी पाहून ती ओरडत आणि मग डबे खायला पळत. भीमसेन राव मागे राहून काचा धूत. सगळी नोकरी अशीच गेली. फॉर्मालिनचा वास त्यांच्या बोटांतून अजून जात नाही, असे त्यांची बायको कनका म्हणते. ते म्हणतात, बोटांतून केव्हाच गेला, तिच्या नाकात राहिला.

अंगाने उंच, मानेत जरा वाकलेले, कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ. घरात बोलतात ती तंजावरची मराठी. तिच्यात तमिळ इतके मिसळले आहे की कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते ते बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतींत नोकरीला आलेल्या पुण्या-नाशिकच्या मुलांना ती ऐकून हसू येते. भीमसेन रावांना त्यांची मराठी ऐकून वाटते, ही मुले फार घाईत आहेत.

त्यांना स्वतःचे मूल नाही. निवृत्तीनंतर ते राहत त्या वसाहतीतली माणसे त्यांच्याकडे पडलेली पाखरे आणून देऊ लागली. पतंगाच्या मांज्याने कापलेले घुबड, मांजराच्या तोंडातून सोडवलेली खार, घरट्यातून पडलेला कोकीळ. बरीचशी मरत. जी जगत ती उडून जात, आणि कनका खोके धुऊन उन्हात ठेवी.

ऋजुता त्यांच्याकडे आली ती अशाच एका खोक्यासह. ती साताऱ्याकडची, पक्ष्यांवर अभ्यास केलेली, पस्तिशीची. पेरुंगुडीला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्या छोट्या संस्थेचे कार्यालय आहे. खोक्यात पहाडी पोपटाची पिल्ले होती. पश्चिमेकडून येणाऱ्या एका आगगाडीत, बाकाखाली, वेताच्या टोपलीत सापडलेली. काहींचे डोळेही उघडले नव्हते. तळाची गुदमरून गेली होती. जिवंत होती ती चौदा.

पहाडी पोपट इतरत्र आहेत. पण ही पिल्ले ज्या डोंगररांगेतून आली होती तिथे ते जवळजवळ संपले होते. ढोल्या असलेली जुनी झाडे तोडली गेली आणि उरलेल्या ढोल्यांतून दर हिवाळ्यात पिल्ले काढून विकली गेली. आता झाडे राखली जात होती, ढोल्यांच्या जागी लाकडी पेट्या टांगल्या होत्या, गावातली माणसे पहारा करत होती. राहायला पोपट मात्र नव्हते. त्या डोंगरात पुन्हा सुरुवात करायची तर तिथलेच पक्षी हवेत, आणि तिथले म्हणून हातात असलेले हे एवढेच. पेट्या टांगल्या तेव्हापासून ऋजुता तिथे पोपट परत नेण्याच्या एका आराखड्यावर काम करत होती. तो आराखडा आता या खोक्यावर उभा होता.

न्यायालयाने पिल्ले संस्थेच्या ताब्यात दिली. संस्थेकडे जागा नव्हती. भीमसेन रावांकडे मागची खोली होती. भिजवलेली डाळ वाटून, पपई कुस्करून, सिरिंजने भरवायची. भरवताना पिल्लू मान ताणून सगळे अंग थरथरवते, जणू आत कुणी यंत्र सुरू केले आहे. भीमसेन राव एकेकाला तळहातात धरत आणि ती थरथर त्यांच्या कोपरापर्यंत येई. कनका दारातून पाहत राही.

"माझ्याकडे कधी इतकं टक लावून पाहिलंत का हो?" ती विचारी.

"तू असं तोंड कोठे उघडलीस?"

"तोंड उघडलं की तुम्ही बाहेर जातास!"

पक्ष्यांना नावे द्यायची नाहीत असे ऋजुताने सांगितले होते. तरी एकाला नाव पडलेच. तो भरवून झाल्यावरही जात नसे, वाटीवर बसून राही. कनकाचा एक मामा होता गुंडो, तो एकदा जेवायला आला आणि तीन वर्षे राहिला. म्हणून हा गुंडो.

पंख फुटले तेव्हा वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत लांबच लांब जाळीचा पिंजरा बांधला गेला. पक्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडू लागले. त्यांच्या खांद्यांवर तांबडा डाग उमटू लागला. भीमसेन राव आत शिरले की चौदाही जण एका झेपेत त्यांच्यावर उतरत. डोक्यावर, खांद्यांवर, धोतराच्या निऱ्यांवर. ते उभे राहत, डोळे मिटून.

पेरुंगुडीच्या कार्यालयात आराखड्याची बैठक झाली. खिडकीतून दलदल दिसते, तिच्या कडेला कचऱ्याचा डोंगर आणि त्यामागे निळ्या काचा. भिंतीवर डोंगररांगेचा नकाशा होता. कुठे सोडायचे ते ठरले होते, कधी तेही ठरले होते. उंबर-पिंपळ फळांवर असताना, ऑगस्टअखेर. कोणते सोडायचे यावर सगळे अडले. आराखड्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख हरिप्रसाद वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढला आणि तमिळमध्ये म्हणाले, जे पक्षी माणसाच्या अंगावर बसतात ते मी जंगलात सोडू देणार नाही. सगळ्यांची चाचणी घ्या. नापास झाले तर प्राणिसंग्रहालयात पाठवू. तिथे निदान जगतील.

भीमसेन राव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. बैठकीनंतर ऋजुता त्यांना जिन्यात घेऊन गेली.

"काका, माणूस दिसला की पोपटानं लांब उडायला हवं. आपले येऊन खांद्यावर बसतात. पहिल्या वाडीतलाच कुणीतरी त्यांना टोपलीत भरेल."

"सगळ्यांपाशी जात नाहींत. माझ्यापाशी येतात."

"तुमच्यासारखा धोतर-वेष्टी नेसलेला उंच माणूस त्या डोंगरात प्रत्येक वाडीत आहे."

ते जिन्याच्या कठड्याला टेकले.

"आम्ही करून पाहिलं," ती म्हणाली. "नवी माणसं पाठवली, जाळी घेऊन, आरडाओरडा करून. ते घाबरतात. आणि घाबरले की तुम्हाला शोधतात. म्हणजे माणसाला भ्यायचं तर ते तुम्हालाच भ्यायला हवेत. दुसऱ्या कुणाला भिऊन उपयोग नाही."

"म्हणजे मी काय करूं?"

"पत्र्याचा डबा घ्यायचा. आत शिरायचं, बडवायचा, त्यांच्या मागे धावायचं. एकही अंगावर बसता कामा नये. खाणं तुमच्या हातून नाही. पडद्यामागून, पाइपातून, कुणी टाकलं ते त्यांना दिसणार नाही."

"अय्यो," भीमसेन राव म्हणाले. मग खाली उतरताना जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाले, "सरी, बरं. करतों."

ते करू लागले. पहिल्या दिवशी पक्षी नेहमीसारखे उतरले आणि डब्याच्या पहिल्या ठोक्याला सगळे एकदम वर उडाले, जाळीला धडकले. दोघांची नखे जाळीत अडकली. भीमसेन राव डब्यावर काठी आपटत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. कनकाने पाणी दिले. ते त्यांनी घेतले नाही.

इथे त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. भीमसेन रावांचे वडील तंजावरला शाळामास्तर होते, हात उचलणारे. घरात आईचा एक नियम होता: ज्या हाताने मारले त्या हातानेच, दिवस मावळायच्या आत, मुलाला भरवायचे. मुलाला मारून उपाशी निजवले तर घराला ते लागते असे ती म्हणे. वडील मग चेहरा तसाच दगडासारखा ठेवून दहीभात कालवत आणि घास पुढे करत. मार जितका जास्त तितका घास मऊ. एका शब्दाची क्षमा त्या घरात कुणी कधी मागितली नाही. त्यासाठी हा घास होता.

भीमसेन रावांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, त्यामुळे तो नियम पाळायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. आता आली. संध्याकाळी ते पेरू चिरत, पंच्यात गुंडाळत आणि फिरायला जातो म्हणून निघत. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, झुडपांच्या आडून, जाळीतून एकेक फोड आत सरकवत. आपला चेहरा दिसणार नाही याची काळजी घेत. फक्त हात. त्यांना वाटे, हातावरून पक्षी काय ओळखणार.

चाचणीच्या दिवशी हरिप्रसाद आले. सगळे गोणपाटाच्या पडद्यामागे बसले. भीमसेन राव डबा घेऊन आत शिरले. पक्षी लांबच्या टोकाला शांत बसले होते. ऋजुताने श्वास सोडला. भीमसेन रावांनी काठी उचलली आणि डबा वाजवला.

चौदाही पक्षी उडाले आणि सरळ त्यांच्याकडे आले.

डोक्यावर बसले, खांद्यावर बसले, डब्याच्या काठावर बसले. गुंडो काठीवर बसला आणि त्यांच्या मुठीची बोटे चोचीने उघडून पाहू लागला. भीमसेन राव मध्ये उभे होते. त्यांचा हात अजून वरच होता.

हरिप्रसाद उठले. चपला घालून गाडीकडे गेले. ऋजुता पडद्याबाहेर आली. तिला काहीच समजत नव्हते. तीन आठवडे हा माणूस रोज डबा बडवत होता, तिने स्वतः पाहिले होते.

"हे कसं झालं? काका, हे कसं शक्य आहे?"

कनका पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती म्हणाली, "सांगा की आता. रोज सांजचे पेरू घेऊन कोणत्या देवळाला जात होतास ते सांगा."

"कनका..."

"मज काय कनका! बाजारातला पेरूवाला मज विचारतो, अम्मा, घरात कुणी बाळंतीण आहे का?"

भीमसेन रावांनी मग सांगितले. पंच्यातल्या फोडी, झुडपे, जाळी. सांगत असताना मध्येच ते थांबले, कारण त्यांना काहीतरी आठवले. वडिलांच्या छडीचा आवाज ऐकू आला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटत असे. छडी कोपऱ्यातून उचलली जाई आणि त्यांना दह्याचा वास येई. ते कधीच भ्याले नव्हते. त्यांनी माराची वाट पाहिली होती.

"मार झाला की घास येतो," ते म्हणाले. "मी त्यांना तेंच शिकवलों."

ऋजुता रागाने गोणपाट गुंडाळत होती. तिचे हात थांबले. "तुम्हाला त्यांची दया येते म्हणून ते पिंजऱ्यात मरतील," ती म्हणाली. "आणि त्या डोंगरात पुन्हा कधीच कुणी नसेल. हे एवढं एकदा नीट बघा काका, बाकी मला काही बोलायचं नाही."

ती निघून गेली. आठवडाभर आली नाही. भीमसेन राव पिंजऱ्याकडे गेले नाहीत. पाइपातून खाणे कनका टाके. लोकल गाड्या जात-येत राहिल्या. दुपारी पोपटांचा आवाज घरापर्यंत येई, तेव्हा ते नळ सोडून काहीतरी धूत बसत.

ऋजुता आली ती हरिप्रसादांकडून आणखी एक संधी मागून. यावेळी डबा नव्हता. ओट्यावर बसून, खाली मान घालून तिने सांगितले.

"पक्षी आवाजाला सरावतात. पण आपल्यातल्या एकाला कुणी धरलंय आणि तो जीव तोडून ओरडतोय, याला सरावत नाहीत. हे एकदा पाहिलं की त्यांना दुसरं काही शिकवावं लागत नाही. तुम्ही त्यांच्यासमोर एकाला धरायचं. रोज. तो ओरडेपर्यंत सोडायचं नाही."

"कोणाला?"

"जो सगळ्यात माणसाळलेला आहे त्याला. तो तसाही सोडण्याजोगा नाही."

कनका आतून बाहेर आली.

"गुंडोला," भीमसेन राव म्हणाले.

"हो. तो जाणार नाही काका. तेरा जातील. गुंडो तुमच्याकडेच राहील. त्याची परवानगी मी आणते, हे माझ्याकडे लागलं."

"माझ्याकडे राहील?"

"राहील."

त्यांनी पुन्हा एकदा विचारले, आणि तिने पुन्हा तेच उत्तर दिले. मग ते तयार झाले. तेरा जणांसाठी एकाला दुखवायचे, आणि त्या एकाला पुढे जन्मभर सांभाळायचे. हा हिशोब त्यांना झेपण्यासारखा वाटला.

पण गुंडो ओरडेना. भीमसेन रावांनी त्याला मुठीत धरले, उलटे केले, डोके खाली लोंबकळत ठेवले. तो गळ्यात गुरगुरल्यासारखा पुटपुटत राहिला, भरवताना करायचा तसा. त्याने डोळा तिरका करून खालून त्यांच्याकडे पाहिले. बाकीचे पक्षी जवळ येऊन बसले, काय खेळ चालला आहे ते पाहायला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कनका जाळीबाहेर उभी होती.

"तुम्ही त्याला धरतास की कुरवाळतास?"

"जोरात धरलों आहें."

"मग तो हसतो कसा?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "अहो, ऐका. करायचं तर करा. नाहीतर त्या पोरीला आजच सांगा, मज होत नाही म्हणून. रोज अर्धं अर्धं मारूं नका. तें पाप जास्ती आहे."

भीमसेन रावांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी गुंडोच्या शेपटीतले एक नवे पीस शोधले. फुटत असलेल्या पिसाच्या मुळात रक्त असते. ते ओढले तर काय होते हे त्यांना माहीत होते. त्यांनी ते दोन बोटांत धरले आणि उपटले.

गुंडो ओरडला.

त्या पक्ष्याच्या आत तो आवाज आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हते. एका क्षणात तेरा पक्षी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जाळीला चिकटले, एकमेकांवर चढले, आणि तेही ओरडू लागले. गुंडोने भीमसेन रावांच्या अंगठ्यात हाडापर्यंत चोच रुतवली. त्यांनी हात उघडला. तो वेडावाकडा उडाला आणि बाकीच्यांमध्ये शिरला. बोटांत पीस राहिले, टोकाला लाल.

कनकाने डोळ्यांवर पदर घेतला होता. संध्याकाळी तिने त्यांच्या अंगठ्यावर हळद दाबली. दोघेही त्या दिवशी जेवली नाहीत, आणि पिंजऱ्याकडे कुणी पेरू नेला नाही.

पुढे आणखी काही वेळा त्यांना आत जावे लागले. पीस पुन्हा उपटावे लागले नाही. दाराची कडी वाजली की पक्षी उठत. पाठमोरे भीमसेन राव दुरून दिसले तरी उठत. वेष्टी नेसलेला कुणीही माणूस रस्त्याने गेला की झाडाची फांदी हलवल्यासारखा सगळा पिंजरा हले. दुसऱ्या चाचणीला हरिप्रसाद पडद्यामागे बराच वेळ बसले. मग उठून त्यांनी भीमसेन रावांना नमस्कार केला आणि गेले.

ऋजुता मागे राहिली. ओट्यावर येऊन बसली, कनकाने दिलेली कॉफी तशीच गार होऊ दिली.

"काका, तेरा झाले पास."

"बरं झालं."

"चौदा झाले," ती म्हणाली.

भीमसेन रावांना आधी समजले नाही.

"गुंडोही पळतो. सगळ्यांत आधी पळतो. मी तीनदा पाहिलं. हरिप्रसाद सरांना पक्षी वेगवेगळे ओळखता येत नाहीत, त्यांनी तेरा जाणार असं गृहीत धरलंय. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. मी तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही ठेवायचं म्हणालात तर तो राहील."

कनका नवऱ्याकडे पाहत होती.  

"आराखड्याला किती पाहिजेत?" भीमसेन रावांनी विचारले.

"तेरा चालतील. चौदा झाले तर एक जोडी जास्त." ती थांबली. "तिथे एकेक जोडी म्हणजे खूप आहे. पण ते जाऊ दे. तुम्ही सांगा."

भीमसेन राव उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेले. तिथून पिंजरा दिसतो. ते दिसताच आतले पक्षी उठले. ते दोन पावले मागे सरले, झाडाआड. पक्षी पुन्हा बसले. असे त्यांनी आणखी एकदा केले.

परत येऊन ते म्हणाले, "इथे राहिला तर रोज मज पाहील. रोज जाळीवर आपटेल."

"हळूहळू विसरेल," कनका म्हणाली. "खाणं दिलं की विसरेल. तुम्हीच म्हणालास, घास आला की भीति जाते."

"हो. जाते. तोच धोका आहे." त्यांनी ऋजुताकडे पाहिले. "त्याला घेऊन जा, अम्मा."

न्यायच्या दिवशी पहाटे डोंगराकडे जाणारी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यातून लाकडी पेट्या उतरवल्या, पिंजऱ्याच्या लांबच्या टोकाला, जाळीला केलेल्या झरोक्यांना लावून ठेवल्या. पेट्यांची तोंडे आत उघडत होती. पेट्यांत अंधार होता आणि उंबराच्या फांद्या बांधल्या होत्या. माणसांनी जाळी आणि हातमोजे आणले होते. पक्ष्यांना धरताना एखाद्याचा पंख मोडेल, एखादा छातीत धडकी भरून मरेल, अशी ऋजुताला भीती होती.

"धरूं नका कोणी," भीमसेन राव म्हणाले. "सगळे पडद्यामागे बसा. मी आत जातों."

ते दारातून आत शिरले. हात रिकामे होते. पक्षी आधीच दुसऱ्या टोकाला गेले होते. भीमसेन राव एक पाऊल पुढे आले. जाळीवरचा थवा दाटला, खाली घसरला. ते आणखी पुढे आले. पहिला पक्षी समोरच्या काळ्या तोंडात शिरला, त्याच्यामागे दुसरा, मग तीन-चार एकदम, पंख पेटीच्या कडांवर फटफटत. त्यातला गुंडो कोणता हे भीमसेन रावांना ओळखता आले नाही. शेपटीचे पीस आता भरून आले होते, आणि पाठमोरे सगळे सारखेच हिरवे.

शेवटचा आत गेला. जाळी रिकामी झाली. पेट्यांची दारे बाहेरून, एकेक करून, आवाज न करता सरकवायची होती. त्याला वेळ लागणार होता. भीमसेन राव मागे फिरले असते तर पक्षी लगेच बाहेर आले असते.

"काका, हलू नका," पडद्यामागून ऋजुता हळूच म्हणाली.

ते हलले नाहीत. दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, जितके उंच होता येईल तितके उंच होऊन, ते त्या पेट्यांसमोर उभे राहिले.